दिवाणखान्याला साजेसे स्पीकर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : घोडबंदर मार्गावरील एका नव्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर, आम्ही गेल्या वर्षी राहावयास आलो. हॉल १७ फूट लांब, साडेदहा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. टीव्ही एका लांब भिंतीवर, सोफा समोरच्या लांब भिंतीला टेकून, एका टोकाला बाल्कनीचा सरकता काचेचा दरवाजा आणि दुसऱ्या टोकाला जेवणाचे टेबल, अशी मांडणी आहे. माझे ऐकणे मुख्यतः शास्त्रीय गायन, नाट्यपदे आणि भावगीते. माझ्याकडे ५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. विक्रेत्याने प्रत्येकी दोन आठ इंची वूफर असलेले, जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर सुचवले आणि दुकानात ते फारच भारदस्त वाटले. मुलगा म्हणतो, साउंडबार घ्या आणि मोकळे व्हा. सोफा पुढे ओढण्यास घरातून सक्त मनाई आहे. काय घ्यावे?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य सोफ्याविषयीचे आहे. ऐकणाऱ्याची जागा भिंतीला टेकून कायमची ठरली, तेव्हाच कोणते स्पीकर चालतील हे निम्मे ठरले. उरलेले निम्मे टीव्हीच्या भिंतीपासून ते किती पुढे ठेवता येतील यावर ठरेल. वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूचा, आकार आणि वॉट यांचा विचार त्यानंतरचा आहे, आणि दुकानात नेमका हा क्रम उलटा होतो.

खोलीच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतरात ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी बरोबर बसते, तो स्वर त्या खोलीत फुगतो. आपल्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर आपल्या हॉलच्या लांबीमुळे ३३ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ३३ कंपनांचा), रुंदीमुळे ५४ हर्ट्झचा आणि उंचीमुळे ६० हर्ट्झचा स्वर फुगणार, असा हिशेब निघतो. यातील ५४ आणि ६० हे दोन फुगवटे एकमेकांच्या शेजारी आहेत, आणि रुंदीचा फुगवटा भिंतींलगत सर्वांत जोरात असतो, म्हणजे बरोबर आपल्या सोफ्यावर. नव्या इमारतींच्या भिंती पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. बांधकामवाले त्यांना ‘मायवान’ म्हणतात. या भिंती खर्जाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा, नाद ना शोषतात ना फारसा बाहेर जाऊ देतात. परदेशी नियतकालिकांतील परीक्षणे वाचून स्पीकर निवडणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. अमेरिकेतील घरांच्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकलेल्या असतात, त्या थरथरतात आणि खर्ज खातात. तेथे ‘भरदार’ ठरलेला स्पीकर आपल्याकडे घुमू लागतो, यात त्याचा काही दोष नसतो.

आता आपण जे संगीत ऐकता त्याकडे पाहू. काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीत, गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो आणि त्याच्या तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज तर २३३ हर्ट्झवर असतो. शिवाय तानपुऱ्याची श्रीमंती त्या मूळ स्वरात कमी आणि जवारीने, म्हणजे तारांखालच्या घोडीच्या खास घडणीने, उमलणाऱ्या वरच्या नादांत अधिक असते. ६० हर्ट्झच्या खाली आपल्या संग्रहात डग्ग्याच्या घुमाऱ्याचा तळ, रंगमंचाच्या फळ्यांचा धमका आणि मायक्रोफोनला लागलेला धक्का यांखेरीज फारसे काही नसणार. जमिनीवरच्या मोठ्या स्पीकरची खरी जादा कमाई याच ६० हर्ट्झच्या खालच्या भागात असते, आणि तिथेच आपली खोली स्वतःहून भर घालते आहे. गायन त्या घुमाऱ्यात बुडेल आणि आपण ‘आवाज जड येतो’ म्हणून वरचा नाद वाढवत बसाल. हे मी अनुभवाने सांगतो : नौपाड्यातील दहा फुटी खोलीत मी उमेदीच्या काळात असलेच दोन बुरूज आणून उभे केले होते, आणि वर्षभर प्रत्येक बंदिशीत डग्गाच तेवढा ऐकला.

तेव्हा माझा स्पष्ट सल्ला असा, की पाच ते साडेसहा इंची वूफरचे, ज्यांना बुकशेल्फ म्हणतात तसे लहान स्पीकर घ्यावेत. ज्यांचा खर्ज ५५ ते ६० हर्ट्झपासून उतरू लागतो असे स्पीकर कागदावर तोकडे दिसतात. पण भिंतीजवळ ठेवल्यावर भिंत आणि खोली यांनी दिलेला टेकू त्या उताराला भरून काढतो. त्यातही स्पीकरची पेटी पूर्ण बंद असेल तर उत्तम, कारण बंद पेटीचा खर्ज सप्तकामागे साधारण १२ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) सावकाश उतरतो, तर हवेचे भोक, म्हणजे पोर्ट, असलेल्या पेटीचा २४ डेसिबलने एकदम उतरतो. बंद पेटीचे स्पीकर आता बाजारात कमी मिळतात. पोर्टचे घ्यावे लागले तर भोक समोर असलेले पाहावेत. मागे असल्यास पेटी आणि भिंत यांत काही इंच मोकळे ठेवावेत, आणि घुमारा राहिलाच तर भोकात स्पंजचा बोळा बसवावा. पुष्कळ कंपन्या असा बोळा सोबतच देतात आणि पुष्कळ ग्राहक तो खोक्यातच ठेवून देतात.

भिंतीपासूनच्या अंतराविषयी सर्वत्र सांगितला जाणारा ‘दोन फूट पुढे ओढा’ हा सल्ला आपल्या बाबतीत मला मान्य नाही. स्पीकरच्या दर्शनी बाजूपासून मागील भिंतीपर्यंतचे अंतर ज्या स्वराच्या तरंगलांबीच्या पाव हिश्शाइतके असते, तो स्वर भिंतीवरून परतताना मूळ नादाच्या विरुद्ध चालीने येतो आणि त्याला दाबतो. दोन फुटांना हा हिशेब १४१ हर्ट्झवर येतो. काळी एकचा षड्ज १३९ वर असतो हे वर आलेच आहे. म्हणजे ज्या स्वरावर सारे गाणे उभे, तोच नेमका दुबळा होण्याची शक्यता निर्माण होते. खोलीतील इतर पडसादांमुळे तो नाहीसा होत नाही, पण गायकाची छाती लहान झाल्यासारखी वाटते. दर्शनी बाजू भिंतीपासून फूटभरच पुढे ठेवली, तर हा खड्डा २८० हर्ट्झच्या वर सरकतो, आणि तेथे स्पीकरचा नाद मागच्या बाजूस तितकासा पसरत नसल्यामुळे तो उथळही होतो. हा खड्डा षड्जाच्या बराच खाली न्यायचा, तर स्पीकर चार फूट पुढे ओढावे लागतील. आपल्या साडेदहा फुटांत ती सोय नाही, म्हणून भिंतीजवळ ठेवणेच श्रेयस्कर. मात्र कोपरा टाळावा. तेथे दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फारच वाढवतात.

दोन्ही स्पीकरमध्ये साडेसहा ते सात फूट अंतर ठेवावे आणि तोंडे सोफ्याकडे किंचित वळवावीत. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा लहान भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण तीन फुटांवर असावा. त्यासाठी २४ इंची स्टँड लागतो. टीव्ही युनिटवर ठेवल्यास ट्वीटर गुडघ्यांशी गाणार, आणि युनिटची पोकळ फळी स्वतःची साथ करणार. स्टँडच्या नळ्या पोकळ असतील तर त्यांत चाळलेली, उन्हात खडखडीत वाळवलेली वाळू भरावी. पावसाळ्यात हा उद्योग करू नये, ओल आतच राहते.

वॉटची चिंता आपण करू नये. कोणत्याही स्पीकरच्या माहितीपत्रकात, २.८३ व्होल्ट दिल्यास एका मीटरवर किती डेसिबल, असा आकडा असतो. ८ ओहमच्या (ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचे माप) स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॉट. हा आकडा ८६ असेल, तर साडेसात फुटांवरील सोफ्यावर दोन्ही स्पीकर मिळून एका वॉटला सुमारे ८२ डेसिबल, आणि खोलीची भर धरून थोडे अधिकच, मिळतात. घरातील निवांत ऐकणे सरासरी ७० ते ७५ डेसिबलचे असते, म्हणजे आपला ५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक वेळ पाव वॉटच्या आतच काम करील आणि बाकीची ताकद तानेच्या किंवा थापेच्या क्षणिक उसळीसाठी राखीव राहील. एवढेच पाहावे, की स्पीकर ८ किंवा ६ ओहमचे आहेत. ४ ओहमच्या स्पीकरच्या बाबतीत तोच २.८३ व्होल्टचा आकडा दोन वॉटचा असतो, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

लहान स्पीकर म्हणजे तडजोड, असे वाटत असेल तर एक उदाहरण देतो. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांतील अरुंद जागेसाठी एलएस ३/५ ए नावाचा, पाच इंची वूफरचा, बंद पेटीचा स्पीकर तयार केला. प्रक्षेपणात माणसाचा आवाज माणसासारखा जातो आहे की नाही, हे तंत्रज्ञाला हातभर अंतरावरून ओळखता यावे, हा त्याचा हेतू होता. त्याला खर्ज बेताचाच आहे आणि तो अ‍ॅम्प्लिफायरची ताकदही बरीच मागतो. तरीही गळ्याच्या गाण्यासाठी जाणकार आजही त्याच्या नव्या आवृत्त्या शोधत असतात. आपण तोच घ्यावा असे मी म्हणत नाही. मुद्दा इतकाच, की ज्यांचे कामच ऐकण्याचे होते त्यांनी अरुंद जागेसाठी पेटी लहान केली.

खरेदीपूर्वी हॉलच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून ‘टर्रर्’ असा शेपटीचा आवाज आला, तर काच, व्हिट्रिफाइड लाद्या आणि कोरी भिंत यांचा तो खेळ आहे, आणि त्याचा उपाय स्पीकर बदलून होत नाही. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एका व्याख्यानगृहात बोललेले कळेना, तेव्हा वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने रात्री जवळच्या नाट्यगृहातील गाद्या उचलून आणल्या आणि किती गाद्यांनी पडसाद किती कमी होतो हे मोजले. आपल्याला गाद्या उचलाव्या लागणार नाहीत. सोफा आणि टीव्ही यांमध्ये जाड गालिचा, बाल्कनीच्या काचेवर भरपूर चुण्या असलेला जाड पडदा आणि सोफ्यामागच्या भिंतीवर शक्य तर पुस्तकांचे उघडे कपाट, एवढे पुरे. पडदा गाणे ऐकताना ओढावा, एरवी डोंगर पाहावा. या गोष्टी खर्जाच्या फुगवट्याला हातही लावत नाहीत, हेही सांगून ठेवतो. ते काम लहान स्पीकरच्या निवडीनेच साधते.

साउंडबार बातम्यांना आणि मालिकांना चांगला. दोन तानपुरे दोन बाजूंस आणि गायक मध्ये, हे चित्र त्यात उभे राहणे कठीण.

दुकानात जाताना आपल्या ओळखीच्या गायकाचे, फक्त तानपुरा-तबल्याच्या साथीचे ध्वनिमुद्रण न्यावे. दुकानदार लावतो ती झगमगीत ध्वनिमुद्रणे कोणत्याही स्पीकरवर छान वाटतात. स्पीकर घरी नेऊन दोन दिवस ऐकू देणारा विक्रेता मिळाला, तर त्याच्याकडे थोडे अधिक पैसे मोजण्यास हरकत नाही.

प्रश्न : वाशीतील सिडकोच्या जुन्या इमारतीत आमचा हॉल ११ फूट बाय ११ फूट आहे. लहान स्पीकर चांगले आहेत, पण खर्ज मुळीच ऐकू येत नाही म्हणून फक्त खर्ज वाजवणारा दहा इंची सबवूफर घेतला. तरीही मला खर्ज जाणवत नाही आणि खालच्या मजल्यावरील काकू मात्र रोज तक्रार करतात. थर्माकोलचे पत्रे लावले, उपयोग झाला नाही.
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : आपण आणि काकू दोघेही खरे बोलत आहात. चौरस खोलीत लांबी आणि रुंदी यांचे फुगवटे एकाच स्वरावर येतात. आपल्या ११ फुटांसाठी तो स्वर ५१ हर्ट्झचा. या स्वराचा दाब भिंतींशी सर्वाधिक आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. आपण पत्रात लिहिले नसले तरी माझा अंदाज असा, की आपली खुर्ची खोलीच्या मध्यभागी आहे. तेथे बसून आपण आवाज वाढवत जाता, आपल्या कानांवर काही पडत नाही, आणि भिंती व लादी मात्र तो सगळा नाद घेऊन खाली पोचवतात. शंका असल्यास गाणे चालू ठेवून खुर्चीवरून उठावे आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहावे. काकू काय ऐकतात ते कळेल.

खुर्ची मध्यापासून दोन-अडीच फूट मागे घ्यावी, आणि मग सबवूफरचा आवाज निम्म्याहून खाली आणून, तो चालू आहे की नाही असा प्रश्न पडेल इतपतच ठेवावा. त्याची जागा ठरवण्याची एक जुनी युक्ती आहे : सबवूफर क्षणभर आपल्या खुर्चीच्या जागी ठेवावा, खर्जातील एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवावी आणि जमिनीलगत कान नेत खोलीभर फिरावे. जेथे खर्ज घुमत नाही आणि हरवतही नाही, तेथे सबवूफर कायमचा ठेवावा. घरातल्यांचे हसणे सहन करावे लागते, पण युक्ती खरी आहे.

थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे यांनी आवाज अडत नाही, कारण अडवण्यासाठी वजन लागते. भिंतीचे वजन दुप्पट केले तर अडवणूक सुमारे ६ डेसिबलने वाढते, आणि स्वर जितका खालचा तितकी भिंत दुबळी पडते. सबवूफरखाली जाड रबराची किंवा दाट फोमची गादी ठेवल्यास पेटीची थरथर लादीत उतरणे कमी होते. हवेतून जाणारा खर्ज तसाच जातो. म्हणून इमारतीत राहणाऱ्याला रात्री खर्ज कमी करण्यावाचून दुसरा उपाय नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. परंतु नियमापर्यंत गोष्ट जाऊ देऊ नये. एकदा काकूंना वर बोलवावे, त्यांच्या आवडीचे काही ऐकवावे, आणि आपल्या घरी गाणे चालू ठेवून स्वतः त्यांच्या हॉलमध्ये दहा मिनिटे बसून यावे.

प्रश्न : वडिलांनी १९८९ साली घेतलेले मोठे स्पीकर आमच्या ऐरोलीच्या घरी आहेत. वूफरच्या कडेचा काळा स्पंज भुगा होऊन पडतो आहे. टाकून द्यावेत का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : मुळीच नाही. कागदी शंकूला चौकटीशी जोडणारी ती स्पंजाची कड दमट हवेत आपोआप कुजते. खाडीच्या काठी तर ती टिकणे कठीणच. शंकू फाटलेला नसेल आणि बोटांच्या टोकांनी तो सर्व बाजूंनी सारखा दाबल्यावर मागे-पुढे होताना आत घासल्याचा आवाज येत नसेल, तर कॉइल, म्हणजे शंकू हलवणारे तारेचे वेटोळे, शाबूत आहे असे समजावे. मग फक्त कड बदलून मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या परिसरात स्पीकर दुरुस्त करणारे आजही आहेत. त्यांच्याकडे वूफरच काढून न्यावा, पेटी नेऊ नये, आणि दोन्ही वूफरच्या कडा एकदमच बदलाव्यात. एक नवी आणि एक जुनी असेल तर दोन्ही बाजूंचा खर्ज जुळत नाही. जुन्या जागी रबराची कड बसवण्याचा आग्रह काही कारागीर करतात. रबर टिकते खरे, पण ते जड आणि ताठ असल्यामुळे मूळ स्पंजासाठी आखलेल्या वूफरचा स्वभाव बदलतो. मी तरी स्पंजच बसवून घेईन आणि आणखी दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा त्या गल्लीत जाईन. पेटीचा भुशाचा पत्रा तळाशी फुगला आहे का, तेही पाहून घ्यावे. फुगला असेल तर सुताराला आधी बोलवावे.

प्रश्न : अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर १५ फुटांवर आहेत. दुकानदार मीटरला हजारो रुपयांची केबल सुचवतो. आवश्यक आहे का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : नाही. इलेक्ट्रिशियन ज्याला ‘दीड एमएम’ म्हणतात, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, बारीक धाग्यांची तांब्याची जोड-वायर १५ फुटांना जाऊन-येऊन साधारण ०.१ ओहम इतकाच रोध करते. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. मनाच्या समाधानासाठी अडीच एमएम घ्यावी, त्यापुढे खर्च करू नये. दोन्ही बाजूंच्या वायरी सारख्या लांबीच्या असाव्यात असेही बंधन नाही. मात्र लाल टोक लालला आणि काळे काळ्याला जोडले आहे, हे दोन्ही स्पीकरवर तपासावे. एका बाजूस उलटे झाले, तर गायक मधून नाहीसा होऊन खोलीभर पसरतो आणि खर्ज गळून जातो. नवे स्पीकर ‘पोकळ वाजतात’ म्हणून परत करायला निघालेल्या दोन मित्रांच्या घरी मी फक्त ही टोके अदलाबदल करून आलो आहे.